कोठीवरचा संशयास्पद पाहुणचार

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमच्या घरात म्हणतात. मी म्हणतो, तो स्वभाव नाही, नोकरी आहे. जळगावच्या एका सरकारी कचेरीत मी लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासतो. एरंडोलला जाऊन आलो म्हणणारा माणूस त्या दिवशी घरात पंख्याखाली झोपलेला असतो, हे एकदा कळलं की मग सुटका नाही. दूधवाला हसून नमस्कार करतो आणि मी आधी पातेल्यात डोकावतो.

तर आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. वच्छलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, बेत साधा होता. सत्यनारायण, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि घरात मावतील तेवढे पाहुणे. (साधा माझ्यासाठी. पोळ्या तीच करणार होती.) पण त्याच सुमारास आमच्या साहेबांनी त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस महाबळेश्वरला केला आणि फोटो सगळ्या टेबलांवरून फिरवले. फोटो माझ्या हातात असताना शेजारच्या टेबलावरचा सुकदेव म्हणाला, "पितांबरभाऊ, तुम्ही काय, मेहरूणच्या तलावावर जाऊन भेळ खाल." झालं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की आम्ही हॉटेलात जाणार, दोघंच, आणि तेही असल्या-तसल्या नाही, इतिहास असलेल्या हॉटेलात.

बोलून बसलो खरा, पण इतिहास असलेलं हॉटेल आणायचं कुठून? शेवटी सुकदेवनंच शोधलं. धुळ्याच्या पुढे, आग्रा रोडपासून थोडं आत, कापसाच्या एका बड्या व्यापाऱ्यानं इंग्रजांच्या काळात बागेत बांधलेली कोठी होती. त्याचा नातू मोतीलाल शेठ यानं तिचं नुकतंच हॉटेल केलं होतं. मी पत्र टाकून वरच्या मजल्यावरची, मोठ्या पलंगाची खोली ठरवली.

खरं सांगायचं तर साहेबांची जिरवणं हे अर्धंच कारण. मेहरूणला आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात माझी आई भिकुबाई, तीन मुलं आणि उरलेल्या जागेत आम्ही. मी आणि वच्छला दार लोटून दोन घटका निवांत बोलत बसलोय, असं इतक्या वर्षांत एकदा झालेलं नाही. तिला मला काही सांगायचं असलं की ती पोळ्या लाटता लाटता भिंतीला सांगते आणि मी ते भिंतीकडून ऐकतो. एक रात्र, एक खोली आणि आम्ही दोघं, एवढंच मला पाहिजे होतं. शिवाय त्या दिवशी तिच्या हाताला लाटणं लागू द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. मुलं सुटीत बहिणीकडे अमळनेरला गेली होती, आई घर सांभाळणार होती. आम्ही निघालो.

आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्यतृतीया, तोंडावर आली होती. एसटीच्या खिडकीतून गावोगावच्या निंबांना बांधलेले झोके दिसत होते, आणि वच्छला धुळं येईपर्यंत ते बघत गप्प बसली होती. मला वाटलं, एसटी लागली असेल.

कोठी मात्र नावाजण्यासारखी होती. हातभर जाड भिंती, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. झोपाळ्यावर एक म्हातारी बसली होती, ती मोतीलालची आई, लाडकुंवरबाई. मी आत मोतीलालकडे, पाणी दिवसभर असतं का, याची चौकशी करत होतो. (तो 'असतं' म्हणाला, म्हणजे नसणार.) तेवढ्यात म्हातारीनं वच्छलाला जवळ बोलावलं, काहीतरी विचारलं, तिची हनुवटी धरून तोंड न्याहाळलं आणि हाताला धरून तिला सरळ आत घेऊन गेली. वच्छलानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग मोतीलालला आत बोलावणं आलं. तो बाहेर आला तो थेट माझ्या पाया पडला. चाळिशीचा, चांगला भरभक्कम माणूस. हॉटेलवाला गिऱ्हाइकाच्या पाया पडल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी आधी माझ्या चपला बघितल्या. त्या जागेवर होत्या. पण बॅग वर न जाता ओसरीच्या बाजूच्या खोलीत गेली आणि तिथे एकच खाट होती. आमची वरची खोली ठरली आहे, असं मी बजावलं, तर तो चक्क लाजला.

"पाव्हणे," तो म्हणाला, "आता ते कसं बरं दिसेल?"

बायको कुठे आहे म्हणून विचारलं, तर, त्या आत आहेत, तुम्ही अगदी काळजी करू नका, असं उत्तर मिळालं. ज्या बिलाबरोबर माणूस 'काळजी करू नका' म्हणतो, ते बिल मी वाचायच्या आधीच बाजूला काढून ठेवतो.

थोड्या वेळानं एक शिंपी आला. त्यानं न बोलता माझी छाती मोजली, खांदे मोजले आणि मग गळा मोजला. गळा पुन्हा एकदा मोजला. कशासाठी, म्हणून विचारलं तर, शेठनी सांगितलंय, एवढंच म्हणाला आणि टेप गुंडाळून निघून गेला. त्यानंतर मी सदऱ्याचं वरचं बटण लावून टाकलं.

मग जेवण. पाट, रांगोळी, चांदीचं ताट, आणि जेवणारा मी एकटा. भोवती घरचे पुरुष हात बांधून उभे. तुम्हीही बसा म्हटलं, तर आधी तुम्ही म्हणाले. बाटीवर तूप ओतणारा ओततच राहिला. देवाला सोडलेल्या बोकडाला आमच्याकडे असंच खाऊ घालतात. मी पहिला तुकडा हळूच मांजरापुढे टाकला. मांजरानं हुंगला आणि ते निघून गेलं. (चुरम्याचे लाडू मात्र मी पोटभर खाल्ले. मरायचंच असेल तर उपाशी कशाला मरा?) पडद्याआड बायका खुदुखुदु हसत होत्या, त्यांत वच्छलाचा आवाज कुठे येतो का ते मी कान लावून ऐकलं. आला नाही.

जेवण झाल्यावर मला आग्रहानं खाटेवर आडवं केलं गेलं. जरा कुठे पाय खाली टाकला की कुणीतरी येऊन, काय पाहिजे, म्हणून विचारायचं. माझी खात्री पटली. वच्छलाच्या अंगावर तिच्या लग्नातली सोन्याची पोत होती. म्हातारीनं हनुवटी धरली ती त्यासाठीच. बाईला आत कोंडायचं, नवऱ्याला खाऊ घालून झोपवायचं. जुन्या कोठ्यांमध्ये तळघरं असतात, हेही मला नेमकं तेव्हाच आठवलं. हौस माझी, आणि जिवावर बेतणार बिचारीच्या.

घर दुपारचं निजलं तसा मी उठलो. आवाज नको म्हणून चपला न घालताच मागच्या जिन्यानं चढलो. वरच्या खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. मी प्रत्येक दाराला तोंड लावून हळूच "वच्छला" म्हणून हाक मारली. मग तसाच गच्चीवर गेलो. ऐन उन्हाळ्यातली धुळ्याकडची गच्ची, आणि मी अनवाणी. दोन पावलांत तळपाय भाजले. समोर एक पांढरंशुभ्र लुगडं अंथरलेलं दिसलं, त्यावर मी जीव घेऊन उडी मारली.

ते लुगडं कुरडयांचं होतं. सकाळीच घातलेल्या, अजून पुरत्या न वाळलेल्या. माझा एक पाय पूर्वेला गेला, एक पश्चिमेला, आणि मी बसल्या जागी गव्हाच्या चिकात घसरत पुढच्या जिन्याच्या खोलीच्या सावलीत जाऊन पोहोचलो. तिथे दहाबारा बायका गोल बसून उडदाचे पापड लाटत होत्या. मधोमध लाटणं हातात घेऊन वच्छला बसली होती.

"जवाई कुरडईमा पडना," एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या जणी हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

मी वच्छलाचा हात धरला. "ऊठ," मी म्हटलं. "बॅग राहू दे. आपण मागच्या दारानं निघू. ही माणसं बरी नाहीत. माझ्या गळ्याचं माप घेतलंय."

"सदरा शिवताहेत तुम्हाला," ती म्हणाली. "जावयाला पोशाख नको का करायला?"

मग तिनं सांगितलं ते असं. मोतीलालच्या आजोबांनी कोठी इथे बांधली तरी त्याच्या वडिलांचं दुकान पुष्कळ वर्षं मोंढाळ्याला होतं, आणि मोंढाळं म्हणजे वच्छलाचं गाव. दुकानासमोरच माझ्या सासऱ्यांचं, झुलाल पाटलांचं घर. मोतीलाल त्यांच्या ओट्यावर रांगला. लाडकुंवरबाई मारवाडच्या, पण त्यांचा जन्म खान्देशात गेलेला. वच्छला ओसरीवर चढली तशी त्यांनी तिचं तोंड बघून विचारलं, "तू झुलाल पाटीलनी पोर का वं?" आणि तिथून ती गिऱ्हाईक राहिली नाही, गावाची लेक झाली. गावाची लेक ती आपली लेक. आता मला हे कुणी का सांगितलं नाही, तर प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

"आईवडील गेले, भाऊ शेत विकून सुरतेला गेला," वच्छला म्हणाली. "त्यानंतर आखाजीला माहेरी न्यायला मला कुणी मूळ धाडलं नाही हो. आज त्या म्हणाल्या, आली ना माझी पोर."

बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती हसतही होती. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. भिंतीला सांगितलं असेल. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. पण मी ज्यासाठी आलो होतो ते माझ्या डोक्यातून जाईना.

"मग आपली खोली?" मी हळूच विचारलं.

"माहेरी कुणी असं राहतं का? लोक काय म्हणतील?"

"वच्छला, हे हॉटेल आहे."

"तुमच्यासाठी," ती म्हणाली आणि तिनं पुढचा पापड लाटायला घेतला.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, कारण घर जैनांचं. मला नवा सदरा, टोपी, नारळ मिळाला. मी पत्र टाकून ठरवलेल्या पलंगावर वच्छला आणि लाडकुंवरबाई झोपल्या. मी ओसरीवर मोतीलालशेजारी झोपलो आणि तो मला कापसाचे भाव सांगत राहिला. वरून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

सकाळी मी बॅग उचलली, तर म्हातारीनं मला समजावलं की लेक अशी एका रात्रीत पाठवत नसतात. आखाजी होऊ द्या, मग न्यायला या. वच्छला नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, राहू दे. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस करून मी एकटा जळगावला परत आलो.

दारात आई उभी होती.

"वच्छला कोठे शे?"

"माहेरी."

"तिले आते कोठलं माहेर?"

"हॉटेलमा," मी म्हटलं.

आई मटकन खाली बसली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मेहरूणला कळलं. शेजारच्या ताईबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच दोन्ही खोल्यांतून फिरून गेल्या. कचेरीत सुकदेवनं मला बाजूला घेऊन, काय झालं ते खरं सांग, कुणाला बोलणार नाही, असं म्हटलं. मी खरं सांगितलं. त्यानं इतक्या वाईट चेहऱ्यानं मान हलवली, की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. त्यात रविवारी मी परसात कढीपत्त्याचं रोप लावायला खड्डा खणत होतो. मान वर केली तर ताईबाईंच्या गच्चीवर आठ-दहा माणसं ओळीनं उभी होती. मी त्यांना रोप उचलून दाखवलं.

आखाजी झाल्यावर आई म्हणाली, "माले तठे ली चाल. मी माझ्या डोयाघाई देखसू." मी रजा काढली आणि तिला तिच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला कोठीवर घेऊन गेलो. नेमका बुधवार निघाला. बुधवारी लेक सासरी पाठवत नाहीत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आईचं मात्र विहीणबाई म्हणून असं स्वागत झालं, की दुपारी चुरम्याचा लाडू खाल्ल्यावर ती झोपाळ्यावरून हलेना. "तू जाय," तिनं मला सांगितलं. "मी सूनसंगे यीसू." माझी रजा एकाच दिवसाची होती. मी पुन्हा एकटा परत आलो.

फाटकाशी ताईबाई झाडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, मग रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं. आई दिसेना. काहीतरी बोलायला हवं, आणि तेही गोड, म्हणून मी म्हटलं, "ताईबाई, फार छान जागा आहे. पुढच्या खेपेला तुम्ही चला माझ्याबरोबर."

ताईबाईंनी झाडू तिथेच टाकला, आत गेल्या आणि भरदिवसा दाराला वरची आणि खालची, दोन्ही कड्या लावल्या.