कांद्याची मुदतवाढ

कांदेनवमीच्या दिवशी सकाळी पावणेबारा वाजता आमच्या कढईतल्या कांद्याने तांबूस होण्यासाठी चार महिन्यांची मुदतवाढ मागितली.

मागणी शांतपणे केलेली होती, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. राग मात्र आला. शेजारच्या शेगडीवर पास्ता उकळत होता, क्रीमचे पाकीट कापून ठेवले होते, चीज किसून झाले होते. चार मोठे कांदे उभे, पातळ चिरून लोण्यात टाकायला मला पाऊण तास लागला होता आणि त्यातला निम्मा वेळ डोळे धुण्यात गेला होता. आता फक्त कांदा मंद आचेवर चाळीस मिनिटे परतायचा होता. तो मधासारख्या रंगाचा झाला की त्यात क्रीम, पास्ता, थोडे पास्त्याचेच पाणी आणि मिरपूड. हे सगळे मला तोंडपाठ होते. केले एकदाही नव्हते.

"अर्ज तोंडी चालत नाही," मी कांद्याला म्हणालो.

"मग लिहून घ्या," कांदा म्हणाला. "मला चिरलेलं आहे."

हे म्हणणे नाकारता येण्यासारखे नव्हते. मी वाणसामानाच्या यादीची वही आणली.

इथे थोडे माझ्याबद्दल सांगायला हवे. मी सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. शेवटची अकरा वर्षे मुदतवाढीचे टेबल माझ्याकडे होते. ठेकेदारांचे अर्ज यायचे, मी ते नियमात बसवायचो. त्या टेबलाचा गुण मी घरीही आणला. दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे पुण्याला गेलो असताना त्याच्या बायकोने हा पास्ता केला होता. यामिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, दोनदा मागून घेतला आणि परतताना गाडीत म्हणाली, "एकदा मला तुमच्या हातचा करून घाला ना." मी लगेच हो म्हणालो. मग निवृत्तीनंतर करू म्हणालो, मग आंबे संपल्यावर, मग गुडघा बरा झाल्यावर. गुडघा डावा होता आणि तो बरा होऊन वर्ष झाले होते.

यामिनी दरवर्षी चातुर्मास पाळते. तिच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणे कांदेनवमीनंतर घरात चार महिने कांदा चिरत नाहीत आणि ती खात नाही. म्हणून आज शेवटचा दिवस होता. तिने सकाळपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते. केस धुऊन, लग्नातली नसली तरी बरी साडी नेसून ती बाहेर पेपर वाचत होती आणि तिला भूक लागलेली होती. एकतीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, निदान मला ऐकू आलेली एकच.

"मुदतवाढीचं कारण?" मी विचारले.

"कामाच्या जागेवर संबंधित अधिकारी हजर नव्हते," कांदा म्हणाला. "अकरा वीस ते अकरा बत्तीस."

त्या वेळात मी गॅलरीत उभा राहून कढईचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवत होतो. खाली 'आज खांबेटे शेफ!' असे मीच लिहिले होते.

"दुसरं, अकरा चौतीसला आच अचानक मोठी केली. माझी एक कड जळली."

"मला घाई होती."

"तसंच लिहा."

मी तसेच लिहिले. कांद्याने मजकूर सांगितला आणि तो इतका नेटका होता, की माझा राग ओसरत गेला. संदर्भ होता, विषय होता, कारणे क्रमाने होती. अटसुद्धा त्यानेच घातली होती: मुदतवाढीच्या काळात मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः कढईजवळ उभे राहून दर पाच मिनिटांनी कांदा हलवावा, हे काम दुसऱ्यावर सोपवू नये. असा अर्ज मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. आणि मग माझ्याकडून ते झाले. चांगला अर्ज समोर आला की माझा हात थांबत नाही. मी खाली 'मंजूर' लिहून सही केली आणि तारीख घातली.

"झालं का हो?" यामिनी दारात येऊन म्हणाली.

मी वही पुढे केली. तिने अर्ज दोनदा वाचला.

"मंजूर केलात?"

"नियमात बसत होतं."

"भाच्याकडून परत येताना मी सांगितलं होतं, तेव्हापासून माझं नियमात बसलं नाही. ह्याचं दहा मिनिटांत बसलं." ती कढईकडे वळून म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हो माझा."

"आभारी आहे, वहिनी," कांदा म्हणाला.

तिने स्वतःसाठी दहीपोहे कालवले. पास्ता मी एकट्याने टोमॅटो सॉस घालून खाल्ला. त्याचा गिचका झाला होता आणि मला स्वतःची लाज वाटत होती. सही मागे घेता येते का, असे मी कांद्याला विचारून पाहिले. त्याने मला माझ्याच काळातल्या एका परिपत्रकाची आठवण करून दिली. येत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी कढईजवळ उभा राहू लागलो. वेळ पावणेदहा ते सव्वासहा, मधे अर्धा तास जेवण. शनिवार-रविवार गॅस बंद. चातुर्मासात घरात कांदा कसा, हा प्रश्न यामिनीनेच सोडवला. चिरायचा नाही आणि खायचा नाही, एवढेच तिच्या आईने सांगितले होते. आधीच चिरलेल्याबद्दल आईचे काही म्हणणे नव्हते.

ओटा एकच असल्यामुळे ती एका शेगडीवर स्वयंपाक करायची आणि दुसरीपाशी मी. तिच्या वाटेत मी सारखा येत होतो. फोडणी देताना ती मला कोपराने सरकवायची. कुकरच्या किती शिट्ट्यांनी तुरीची डाळ शिजते, हे मला श्रावणात कळले. तिला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागते, हे गणपतीत कळले. डबा मीच खाली आणून ठेवला. तो तिथे मीच ठेवला होता, सव्वीस वर्षांपूर्वी. ती रोज किती वेळा ओट्यापाशी येते ते मी एकदा मोजायला घेतले आणि दुपारी दोनलाच सोडून दिले.

कांदा सावकाश चालला होता. श्रावणात पारदर्शक, नवरात्रात फिकट पिवळा, दिवाळीत बिस्किटाच्या रंगाचा. माझे पाय सुजले. नातेवाईक विचारत होते, शेफ, पास्त्याचं काय झालं? मी 'काम प्रगतिपथावर' असे कळवत होतो. आच मोठी करावी असे मला रोज वाटे, विशेषतः चारच्या सुमारास. एकदा तर बटणाला हातही लावला. यामिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. मी हात काढून घेतला. त्या चार महिन्यांत आच वाढवली नाही, एवढे एकच काम मी धड केले असेल.

कार्तिकी द्वादशीला सकाळी दहा चाळीसला कांदा म्हणाला, "झालं." तो तळहातावर मावेल एवढाच उरला होता, गडद मधाच्या रंगाचा. त्याने आणखी काही सांगितले नाही.

मी पास्ता उकळला. कढईत क्रीम घातले, वाटीभर पास्त्याचे पाणी, चीज, मिरपूड. आच मंदच ठेवली. यामिनी टेबलाशी बसली होती. मी ताट तिच्यापुढे ठेवले आणि पाण्याचा तांब्या आणला, मग मीठ आणले, मग चमचा राहिला म्हणून परत गेलो.

तिने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. मी शेजारी उभा होतो. तिसऱ्या घासाला मी वही उघडली. काम पूर्ण झाल्याचा दाखला मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवला होता. त्यात कांद्याचे नाव होते आणि त्याखाली, बारीक अक्षरात, माझेही.

"लाभार्थीची सही लागते," मी म्हणालो.

यामिनीने डाव्या हाताने पेन घेतले, दाखला पूर्ण वाचला, कांद्याच्या नावापुढे सही केली आणि माझ्या नावावर एक सरळ रेघ मारली.

"हे काय?" मी विचारले.

"त्याचं काम झालंय. तुमचं चालू आहे," ती म्हणाली आणि ताट पुढे केले. "अजून थोडा वाढा. आणि हे बघा, संध्याकाळी मला थालीपीठ खायचंय. कांदा घालून."

मी विळी घेतली.