सरकारजमा निधान

केंद्र सरकारच्या बंगळूर येथील एका नकाशा-कचेरीत सन १९६१ मध्ये असे निदर्शनास आले, की नकाशानवीस भीमसेनराव रोज सकाळी चाकूने पेन्सिलीला टोक काढतात. टोक काढण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांना त्यात मजा येते याबद्दल.

मजा तर खरीच येत होती. कचेरीत आल्यावर ते आधी खिडकी उघडत, टेबलावर जुना कागद पसरत आणि वडिलांच्या वेळचा छोटा चाकू काढून पेन्सिल बोटांत फिरवू लागत. लाकडाची पातळ, लांब साल सुटायची, तिचा गोडसर वास यायचा आणि अडलेली बढती डोक्यातून उतरायची. मन भरलं नाही तर ते आणखी एक हात फिरवत. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता, बाकीचा सरकारचा.

त्या वर्षी पुण्याहून मालोजीराव नावाचे कार्यक्षमता अधिकारी बदलून आले. त्यांनी सोबत मूठ फिरवून टोक काढायचं यंत्र आणलं. सगळ्यांनी यंत्र फिरवलं. भीमसेनराव चाकूच चालवत बसले.

"भीमसेनराव, हे काय चाललंय?" मालोजीरावांनी विचारलं.

"काही नाही सर, आमचं निधान आहे हे," भीमसेनराव ओशाळून म्हणाले. "असू द्या की स्वल्प."

भीमसेनरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण तिच्यात कानडी मिसळलेलं. 'निधान' म्हणजे सावकाशपणा, हे त्यांच्या मांजरालाही ठाऊक होतं. पुण्यात मात्र निधान म्हणजे ठेवा, खजिना. मालोजीराव चपापले.

"निधान? आणि आजवर बोलला नाहीत?"

"बोलायचं काय सर, सगळ्यांना दिसतंच की."

मालोजीरावांनी तातडीने वर कळवलं. वरून तितक्याच तातडीने, म्हणजे दिवाळी उलटल्यावर, उत्तर आलं: सरकारी जागेत सापडलेले निधान सरकारजमा करावे. त्यानुसार चाकू काचेच्या कपाटात गेला. कपाटाला कुलूप, कुलपाला लाखेचं सील, सील राखायला शिपाई देवाप्पा आणि देवाप्पावर नजर ठेवायला एक नवं पद. भीमसेनरावांना 'मानद निधानरक्षक' नेमलं आणि त्यांच्या पेन्सिली यंत्राकडे गेल्या.

भीमसेनराव कळवळले. "सर, घोटाळा झाला. निधान म्हणजे हळू. नुसतं हळू."

मालोजीराव विचारात पडले, पण फार वेळ नाही. फाइल पुढे गेली की शब्दाचा अर्थ मागे फिरत नाही. "मग तुमचं हळूच आम्ही जतन करतोय," ते म्हणाले.

"पण मला करायला मिळत नाही ते."

"वापरून झिजवण्याला जतन म्हणतात का भीमसेनराव?"

हळूहळू निधान पाहायला रसिक मंडळी येऊ लागली. काचेपुढे उभं राहून हळहळू लागली. "आता कुठे राहिले असे हात? यंत्रानं माणसाचं सुख हिरावलं हो," असं म्हणून डोळे टिपत आणि बाहेर मोटार थांबलीय म्हणून घाईने निघत. शेजारी उभ्या भीमसेनरावांच्या हातांकडे कुणी पाहिलं नाही.

घरी भीमसेनरावांचं जेवणावरून लक्ष उडालं. शेवटी पत्नी वसुमतीने फळं कापायची सुरी त्यांच्या डब्याच्या पिशवीत सरकवली. "जेवणाच्या सुट्टीत काढा टोक," ती म्हणाली. "तेवढी सुट्टी तर तुमची आहे नं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आवारातल्या झाडाखाली बसले. सुरी बोथट होती, पण साल सुटली आणि वास आला. भीमसेनराव कित्येक महिन्यांनी स्वतःशीच हसले.

संध्याकाळी मालोजीरावांनी त्यांना बोलावून सुरी काढून घेतली. "तक्रार आलीय," ते म्हणाले. "सरकारी नोकर भरदुपारी झाडाखाली पेन्सिल तासत वेळ काढतो आणि जनतेच्या कराचा चुराडा करतो, अशी."

"कुणी केली सर?"

मालोजीरावांनी नाव वाचलं. नुकतेच काचेपुढे डोळे टिपून गेलेले ते एक गृहस्थ होते. भले, सुशिक्षित, जुन्या गोष्टींची मनापासून आवड असलेले. अशा गोष्टी तुमच्यासारखेच चवीने वाचणारे.