झिराडकरांचं आभारप्रदर्शन

झिराडकरांना साडेसाती होती आणि ती संपतच नव्हती.

तेव्हा कतारमध्ये सुटी गुरुवार-शुक्रवार असायची. झिराडकर दुखानच्या तेलकंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. गुरुवारी सगळी कंपनी घोरत असताना हा माणूस कामावर हजर आणि त्या बदल्यात शनिवारी रजेवर. कारण विचारलं की म्हणायचे, "शनिवार मला लाभत नाही. साडेसाती आहे." आपल्या माणसाला साडेसाती सांगितली की तो पुढं काही विचारत नाही, उलट मारुतीला तेल घाला म्हणून सल्ला देतो. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष कुळकर्णी हौसेनं पत्रिका बघायचे. ते एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, साडेसाती साडेसात वर्षांत उठते. याची माझ्यासमोर दहा झाली. जन्मवेळ चुकली असणार."

मी त्या मंडळाचा कार्यवाह होतो. म्हणजे गॅसकंपनीत दिवसभर राबायचं, दोह्यात अल मुंतझातल्या घरी येऊन पाठ टेकायची आणि टेकते न टेकते तोच हॉलच्या चावीसाठी फोन. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. शैला, माझी बायको, म्हणायची, सोडून द्या. मी दर वर्षी सोडायचो आणि दर वर्षी मलाच परत निवडायचे, कारण दुसरं कोणी उभंच राहत नसे.

आणि या सगळ्या कंटाळ्यावर कळस म्हणजे झिराडकर. सभा कसलीही असो, मागून तिसऱ्या रांगेत एक उंच, वाळका माणूस उभा राहायचा, चष्मा काढून रुमालानं पुसायचा आणि म्हणायचा, "माझा एकच मुद्दा आहे." तो एक मुद्दा अर्धा तास चालायचा. हॉलचा एसी फार गार आहे, आपण माणसं आहोत, बर्फातले बांगडे नव्हे. गणपतीत लोक आरतीचं दुसरं कडवं गिळतात. नाटकाच्या तालमीला चहा येतो, पण तो नायिकेपर्यंतच येतो. मुद्दे खरे असायचे हो, हाच खरा त्रास होता. मुंतझाच्या चौकातला चहावाला मल्याळी, पण त्यालाही हे पाठ. झिराडकरांची गाडी दिसली की तो पोऱ्याला सांगायचा, "यल्ला, मुद्दासाब आया, ग्लास धो."

शेवटी कुळकर्ण्यांनीच तोड काढली. झिराडकरांना मंडळाचं कायमचं आभारप्रदर्शन देऊन टाकलं. ज्याला शेवटी सगळ्यांचे आभार मानायचेत, तो आधी उठून कुणाला काय बोलणार? तोड लागू पडली. झिराडकर दुखानहून गाडी हाकत येऊन दिवसभर हॉलवर फिरत, कोणी काय केलं ते बघून ठेवत आणि माईकवर सतरंज्या घालणाऱ्यापासून चकल्या तळणाऱ्या बायकांपर्यंत एकालाही सोडत नसत. त्यातही त्यांचा एक मुद्दा निघालाच. आभार चालू असताना लोक ताटं धरून रांगेत उभे राहतात. म्हणून त्यांनी ठराव मांडून पास करून घेतला, की आभार पूर्ण झाल्याखेरीज जेवणाची झाकणं उघडायची नाहीत. पोरंबाळं भुकेनं रडायची, पण ठराव तो ठराव.

आणखी एक तऱ्हा सांगतो. लोक इथून भारतात जातात ते लग्नाला, बारशाला, नाहीतर दाढ काढायला. झिराडकर रजा टाकून जायचे नगरपालिकेच्या मतदानाला. रायगडातल्या त्यांच्या गावात त्यांचं आता काहीच नव्हतं, घरसुद्धा नव्हतं. पण यादीतलं नाव त्यांनी कापू दिलं नव्हतं. बोटाची शाई दाखवत ते परत यायचे आणि मी मनात म्हणायचो, काय हा रिकामा माणूस.

तो रिकामा नव्हता, हे मला एका जेवणानंतर कळलं. शैलानं कोळंबीभात केला होता. झिराडकरांनी नुसतं वरण ओरपलं. ॲलर्जी आहे म्हणाले. कोकणातल्या माणसाला कोळंबीची ॲलर्जी म्हणजे कमालच, असं मी चेष्टेत म्हटलं. खाली गाडीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि हळू आवाजात सांगितलं, "मी बेने इस्रायली. आमच्याकडं शनवारतेली म्हणतात ना, ते. तुमच्यापुरतं ठेवा."

वाचकांना ठाऊक नसेल तर सांगतो. हे आपले कोकणातले यहुदी. त्यांचे पूर्वज म्हणे गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, ते इथलेच झाले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विसाव्याच्या वारी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवारतेली. कोळंबी त्यांना निषिद्ध, बाकी बोलणं मराठी, बायकांची लुगडी मराठी, आडनावं पूर्वजांच्या गावांवरून. इस्रायल देश झाल्यावर बहुतेक जण तिकडं गेले. झिराडकरांची भावंडंही गेली. आई हलली नाही. माझ्या माडांना पाणी कोण घालील म्हणाली. आईपायी हे राहिले. लग्नाचं वय झालं तेव्हा लग्नाच्या मुली सगळ्या तिकडं गेल्या होत्या, तेही राहिलं. आई वारल्यावर आखातात आले. आडनाव बघून एजंटानं व्हिसाच्या कागदावर परस्पर हिंदू लिहिलं. एस. डी. झिराडकरांना आम्ही सदाशिव दत्तात्रय समजून सदाभाऊ म्हणायला लागलो. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर आक्षेप घेणाऱ्या माणसानं एवढ्या एका चुकीवर कधी आक्षेप घेतला नाही. तोंडातून शब्द गेला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित नोकरी आणि राहण्याचा परवाना दोन्ही खलास. ते 'कदाचित' त्यांनी उशाशी घेऊन इतकी वर्षं काढली होती.

दोन हजार दोनचा हिवाळा असावा. मंडळाच्या तिळगूळ समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून एक नगराध्यक्ष मिळाले. ते मेहुण्याकडं दोह्यात येणार होते आणि मेहुण्यानं जेवणाचा खर्च उचलला होता, तेव्हा आम्ही नाही कशाला म्हणतोय? हे नेमके झिराडकरांच्या गावचे. गावाचं नाव मी लिहीत नाही; गावानं काही केलेलं नाही. झिराडकर किती खूश! विमानतळावर हार घेऊन स्वतः गेले, गर्दीत दोन शब्द बोलायला मिळाले नाहीत तरी.

साहेब बोलायला उभे राहिले. गटारं सांगितली, नळपाणी सांगितलं. मग आवाज चढवून म्हणाले, आमच्या गावात पूर्वी यहुदी होते. जाताना दारं-खिडक्यासुद्धा विकून गेले, चिंधी सोडायची नाही ही त्या जातीची रीतच. मागं काय ठेवलं, तर मढी. त्यात नफा नव्हता ना! इथं लोक हसले. साहेबांना हुरूप आला. आता त्या मढ्यांवर आपण गाडीतळ करतोय, आणि ही गोष्ट या अरबांच्या देशात सांगताना मला विशेष आनंद होतो, इथल्या लोकांना ती जात कळलेली आहे. टाळ्या पडल्या. फार नाही, पण पडल्या. बऱ्याच जणांचं लक्षच नव्हतं आणि भाषणात आवाज चढला की टाळी द्यायची, ही आपली जुनी सवय.

मी झिराडकरांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते. मनात म्हटलं, आज गिळा हो. एवढी वर्षं गिळलंत, आजचा दिवस गिळा आणि जेवायला चला. मी दमलो होतो, मला घरी जायचं होतं.

आभाराला त्यांचं नाव पुकारलं. ते माईकवर आले. हॉलचा पहारेकरी झाला, लाडू वळणाऱ्या बायका झाल्या, माईकवाला झाला, मेहुणे झाले. मग ते थांबले.

"आता प्रमुख पाहुण्यांचे आभार. ते मला मानता येत नाहीत. माझा एकच मुद्दा आहे."

हॉलभर एक सुस्कारा उठला. कोणीतरी मागून म्हणालं, सदाभाऊ, पुलाव निवतोय. कुळकर्णी व्यासपीठावरून हातवारे करायला लागले. झिराडकर साहेबांकडं वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, की त्या लोकांबद्दल जे बोललात ते याच माईकवर मागं घ्या. तोवर आभार अपुरे. आणि आभार अपुरे म्हणजे झाकणं बंद, हे सगळ्यांना पाठ होतं.

साहेब हसले. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण?

"तुमचा मतदार. विमानानं येऊन तुम्हाला मत दिलंय मी."

साहेबांना गंमत वाटली. म्हणजे तुम्ही आमचेच की, म्हणाले, मग त्या लोकांचा एवढा पुळका कशाला?

झिराडकरांनी माईकचा दांडा धरला. पहिल्या रांगेत त्यांच्या कंपनीतले चार जण बसले होते. एक वाक्य बोललं की संपलं, ते परत घेता येणार नव्हतं.

"मागं ठेवलेली मढी म्हणालात. त्यातलं एक माझ्या आईचं आहे. माझं नाव सदाशिव नाही. समाजी दाऊद झिराडकर."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं सांगितलं, की असं इथं कोणी बसलंय हे माहीत असतं तर मी बोललो नसतो. मनुष्य वाईट नव्हता; गटारं त्यानं खरंच केली होती. पण झिराडकर जागचे हलले नाहीत.

"तेच सांगतोय. मी इथं नसतो तर चाललं असतं, असं होतंय. आम्ही जगात कोणी उरलो नाही, तरी ते बोलायचं नाही. निवडून आलेल्या माणसानं तर नाहीच."

साहेबांनी मेहुण्याकडं बघितलं, मेहुण्यानं झाकणांकडं. मग कोणी काही म्हणायच्या आत तिसऱ्या रांगेतून शैला उठली. आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती ती. म्हणाली, "घ्या ना मागं. आम्हीपण जेवणार नाही." ती तशीच उभी राहिली. तिच्या शेजारची उठली. लाडू वळणाऱ्या बायका एकेक करून उठल्या. पुरुष उठले ते बायका उठल्या म्हणून, मीही त्यातलाच.

साहेब माईकवर आले. मी माझे शब्द मागं घेतो, म्हणाले. खालच्या आवाजात म्हणाले. झिराडकरांनी मान हलवली नि "जरा मोठ्यानं" असं सांगितलं. साहेब मोठ्यानं म्हणाले. त्यावर झिराडकरांनी त्यांचे आभार मानले, अगदी साग्रसंगीत, गटारांसकट. पुलाव गारढोण झाला होता.

जेवताना माणसं येऊन त्यांना म्हणत होती, आम्हाला माहीतच नव्हतं हो. हे अशा सुरात, की जणू झिराडकरांनीच त्यांना फसवलंय. कुळकर्णी ताट घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "म्हणजे साडेसाती नव्हतीच?" जन्मवेळ चुकली नव्हती, याचंच त्यांना बरं वाटलं असावं. नंतर मात्र त्यांनी एकेकाला दाराशी गाठून बजावलं, की ही गोष्ट हॉलबाहेर जाता कामा नये. गेलीही नाही. पुढं कित्येक दिवस फोन वाजला की मला वाटायचं, आला दुखानहून निरोप. आला नाही. चुगली करण्यात आपला हात कोणी धरत नाही, पण त्या वेळी कोणी केली नाही, एवढं त्या हॉलसाठी लिहून ठेवतो. तिकडं गावातला गाडीतळही झाला नाही. आमच्यामुळं झाला नाही, असं मी म्हणत नाही. वरून पैसे आले नसतील.

मग एकदा झिराडकरांचाच फोन आला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत जेवायला या, दोघंही या. त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो. इतक्या वर्षांत त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी कोणाला घरी बोलावलं नव्हतं.

दुखानच्या त्या कंपनीच्या घरात टेबलावर पांढरी चादर होती. खोबरेल तेलाचे दोन दिवे, काळ्या मनुकांचं सरबत, फडक्याखाली झाकलेली पोळी. स्वयंपाकघरातून नारळाच्या रसातल्या माशांचा वास येत होता. झिराडकरांनी डोक्याला टोपी घातली, सरबताचा पेला उचलला आणि हिब्रूत प्रार्थना म्हटली. चाल मात्र आपल्या कोकणातल्या भजनाच्या अंगानं जाणारी. म्हणून झाल्यावर ते जरा थांबले. आम्ही दोघं खांबासारखे उभे. मग त्यांनी आवाज बदलला, थोडा जाडा केला, आणि म्हणाले, "आमेन."

शैलानं विचारलं, आवाज का बदललात?

ते ओशाळले. म्हणाले, "ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं ते. इथं ऐकायला कोणी नसतं. म्हणून दुसऱ्या कोणीतरी म्हटल्यासारखं मीच म्हणतो."

मग त्यांनी फडकं काढून पोळी हातात घेतली आणि तिच्यावरची प्रार्थना म्हटली. ती लहानशी होती. संपताच शैला म्हणाली, आमेन. तिच्या मागोमाग मीही म्हणालो.

झिराडकर पोळी मोडेनात. तशीच धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि चष्मा काढायला हात मोकळे नव्हते.

"परत एकदा म्हणा," ते म्हणाले.

आम्ही परत म्हटलं.