नॉर्बर्टने गुडघे टेकले

"हवा सोडायचं बटण दाबून गाडी सुरू करायची वेळ आली ना, तर त्या दिवशी गाडी विकून कोंबड्या पाळीन," नॉर्बर्टने कॅफेत भरल्या टेबलावर जाहीर केलं. नको तिथे तोंड उघडायची त्याची सवय जुनीच होती.

दक्षिण डकोटातल्या त्या गावात मूळ इंजिनावर समाधान मानणारा मोटरसायकलवाला शोधून सापडला नसता. प्रत्येकाने सिलिंडर रुंद करून घेतलेले. मग आतली हवा इतकी घट्ट दाबली जायची, की स्टार्टर कण्हून गप्प बसायचा. त्यावर साधा उपाय असतो. दर सिलिंडरला एक छोटं बटण बसवायचं. ते एकदा दाबलं की आतच राहतं, थोडी हवा बाहेर पळते, इंजिन हलकं फिरतं आणि पेटलं की बटण आपोआप वर येतं. पण या मंडळींना ते दाबताना कुणी पाहणं म्हणजे चारचौघांत कवळी काढून ठेवण्यासारखं वाटे.

वर्लिन वर्षानुवर्षं गावाच्या ताफ्याचा म्होरक्या. तो शांतपणे कॉफी ढवळत म्हणाला, "मग यंदा चर्चमधल्या गाड्यांच्या आशीर्वादाला ताफ्याच्या पुढे तूच राहा. पण बटणाला बोट लागलं, तर कायमचा सगळ्यांच्या मागे."

नॉर्बर्टला आयुष्यात एकदा तरी सगळ्यांच्या पुढे जायचं होतं. तो लगेच हो म्हणाला आणि घरी येईपर्यंत त्याला घाम फुटला. कारण त्याच्या इंजिनाला एक सोडून दोन बटणं होती. हिवाळ्यात त्यानेच ती गुपचूप बसवली होती, तीही सिलिंडरच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसू नयेत अशी. टॉर्च धरून उभी राहिलेली बायको आर्लिस तेवढी साक्षीदार.

"प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात," नॉर्बर्टने बेत सांगितला. "बुटाची नाडी बांधायला वाकेन आणि दाबेन."

"तुझ्या बुटांना नाड्या नाहीत, चेन आहे," आर्लिस म्हणाली.

दर वसंतात एका रविवारी चर्चच्या आवारात गाड्यांना आशीर्वाद द्यायचा कार्यक्रम असतो. पास्टर सिग्नेबाई प्रार्थना म्हणतात, आमेन झालं की पुढची गाडी सुरू होते आणि मग मागची रांग. यंदा नॉर्बर्ट छाती काढून पुढे, त्याच्या मागे वर्लिन, मग बाकीचे. प्रार्थना सुरू झाली. नॉर्बर्टने इकडेतिकडे पाहिलं, उतरला आणि गाडीच्या डाव्या अंगाला हळूच गुडघे टेकले.

एक गोष्ट तो साफ विसरला. रस्त्यावर पुढचा जे करतो ते मागच्याने करायचं, हा या लोकांचा हाडात मुरलेला नियम. पुढच्याने खड्डा पाहून पाय बाहेर काढला की शेवटच्यापर्यंत पाय बाहेर निघतात. का, ते कुणी विचारत नाही.

वर्लिनने एक डोळा किलकिला उघडलाच होता. त्याने क्षणभर विचार केला आणि गुडघे टेकले. त्याच्या मागच्याने टेकले. मग अख्ख्या रांगेत म्हाताऱ्या गुडघ्यांचा कडकडाट झाला. पास्टर सिग्नेंनी डोळे उघडले, तर नाताळलासुद्धा मागच्या बाकावर पेंगणारे हे दांडगे डांबरावर गुडघे टेकून बसलेले. त्यांनी रुमाल काढला आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

नॉर्बर्टला पुढचं बटण सापडलं. मागच्यासाठी मात्र पार आडवं व्हावं लागलं. तो गाल जमिनीला टेकून आत हात घालू लागला. रांगही आडवी झाली. कुणाचं पोट मध्ये आलं, कुणाची कंबर धरली, पण मागे कुणी हटलं नाही. पास्टर आता उघड उघड रडत होत्या.

टिक. बसलं एकदाचं. नॉर्बर्टने सुटकेचा श्वास सोडून मान वळवली. वर्लिनचा चेहरा तसाच जमिनीला टेकलेला, आणि त्याची नजर थेट नॉर्बर्टच्या बोटावर. आता जन्मभर सगळ्यांची धूळ खायची, या विचाराने नॉर्बर्टला रडूच येऊ लागलं.

मग त्याला दिसलं, की वर्लिनचाही हात मनगटापर्यंत स्वतःच्या इंजिनात गेलेला आहे. आणि त्याच्या मागून, रांगेच्या टोकापर्यंत, बारीक आवाज येत होता. टिक. टिक. टिक.

"आमेनची घाई करू देऊ नकोस तिला," वर्लिन ओठ न हलवता पुटपुटला. "माझं मागचं अजून सापडत नाहीये."

नॉर्बर्टने डोळे गच्च मिटले आणि भक्तिभावाने आवाज चढवला, "पास्टर, थोडं शेजारच्या नेब्रास्कावाल्यांसाठीही मागा."