भुताचा मान

मालिकावाल्यांनी भुताच्या कामाला सुरेखाला निवडलं, हे कळलं तेव्हा द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली.

सुरेखा त्यांची धाकटी जाऊ. धावड्याच्या त्या घरात ती लग्न होऊन आली, त्याला पंधरा वर्षं झाली होती आणि पंधरा वर्षं एकच रीत चालली होती. घरात जे येईल ते आधी थोरलीला, मग धाकटीला. दिवाळीचं लुगडं, हळदीकुंकवाचं बोट, लग्नातला आहेर, सगळं तसंच. घरी डॉक्टर आला तरी नाडी आधी थोरलीची बघायचा, मग जी आजारी असेल तिची.

"थोरलीला टाकून धाकटीला भूत केलं?" द्वारकाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "मी काय मेले का?"

"मेली असतीस तर तुलाच घेतलं असतं," भुजंगराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

ती मालिका रोज साडेसातला लागायची. सासरच्यांनी विहिरीत ढकललेली सून भूत होऊन परत येते आणि घरावर हक्क सांगते, अशी तिची गोष्ट. द्वारकाबाईंनी एक दिवस चुकवला नव्हता. जिवंत होती तोवर त्या सुनेला चहाला साखर किती, हेही कुणी विचारलं नाही. मेल्यावर मात्र सगळं घर तिच्यापुढं हात जोडून उभं. हे त्यांना फार आवडायचं.

आता त्याच मालिकेची माणसं दोन दिवसांसाठी धावड्याला आली होती. मोसंबीची एक वाळलेली बाग त्यांना भुताला शोभेशी वाटली. मोठी नटी दुसरीकडं अडकलेली, म्हणून तिच्याऐवजी चालायला गुडघ्यापर्यंत केस असलेली बाई हवी होती. तोंड केसांनी झाकलेलंच राहणार होतं. तसे केस गावात एकट्या सुरेखाचे.

द्वारकाबाई तरीही दिग्दर्शकाला जाऊन भेटल्या. निखिल नावाचा तरणा माणूस होता. त्यानं त्यांना खालवर न्याहाळलं आणि हात जोडले. "मावशी, तुमचा चेहरा फार मायाळू आहे हो. तुम्हाला बघून कुणी घाबरणार नाही."

एवढा अपमान त्यांचा जन्मात झाला नव्हता.

शूटिंगच्या दिवशी त्या जाणारच नव्हत्या. पण धाकटीचा डबा घरीच राहिला होता. तो तिथं कोपऱ्यात राहिला होता, की द्वारकाबाईंनीच ठेवून घेतला होता, ते त्यांनाच ठाऊक.

बागेत भर दुपारी काळे पडदे लावून रात्र केली होती. मालिकेत सुनेला विहिरीत ढकलणारी सासू एका झाडाखाली बसून फोनवर सांगत होती, "सूनबाई, गोळी घेतली का? आधी खाऊन घे गं." आणि सुरेखा? सुरेखा चक्क खुर्चीवर! एक पोरगी तिचे केस विंचरत होती, दुसरी तिच्यावर छत्री धरून उभी. "मॅडम, पाणी देऊ?" मॅडम!

द्वारकाबाईंनी हिशोब मांडला. छत्री थोरलीवर नाही, खुर्ची थोरलीला नाही, आणि डबा मात्र थोरलीच्या हातात.

काम सुरू झालं. सुरेखानं विहिरीकडून चालत यायचं आणि ओरडायचं, "हे घर माझं आहे!" आवाज नंतर दुसऱ्या कुणाचा घालणार होते, पण हातवारे बरोबर यावेत म्हणून ओरडणं भाग होतं. सुरेखा ओरडली. म्हणजे शेजारणीकडं विरजण मागावं तसं म्हणाली. अकरा वेळा तसंच झालं. निखिलनं कपाळावर हात मारून सगळ्यांना जेवायला सोडलं.

सुरेखा शूटिंगवाल्यांच्या गाडीमागं आली, तशा द्वारकाबाईंनी तिला गाठलं. तिच्या पदराखाली बोटाएवढा माईक चालूच होता, हे दोघींपैकी कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"लई मोठी झाली का गं तू?" द्वारकाबाई सुरू झाल्या. "मॅडम म्हून राह्यले तुला! ह्या घरात आधी मी आले! मी! माझ्या आधी कुणी पाऊल टाकलं तर बराबर बघून घेईन एकेकाला!"

पडद्यापलीकडं कानाला डबडी लावून बसलेला माणूस खुर्चीतून उडाला. क्षणात निखिल धावत आला. "कोण बोललं हे? माझ्या अंगावर काटा आला! हाच आवाज भुताला ठेवतो! मावशी, तुमची परवानगी आहे ना?"

द्वारकाबाईंनी पदर नीट केला. "नाव यीन का?"

"शेवटी येईल."

"आधी माझं, मंग तिचं."

घरी येईपर्यंत त्यांनी अर्ध्या गावाला सांगून टाकलं होतं, भूत तिचं, पण आवाज माझा. गावानं मान डोलावली. प्रत्येक गोष्टीत पहिला नंबर सांगायची द्वारकाबाईंची सवय गावाला नवी नव्हती.

तो भाग लागला त्या संध्याकाळी घरात वीसेक बाया जमल्या. विहिरीतून केस सोडलेलं भूत निघालं आणि गरजलं, "ह्या घरात आधी मी आले! मी!" दोन लेकरं रडायला लागली. शेजारच्या पुष्पाबाईंच्या हातातला चहा सांडला.

"अगं बया!" पुष्पाबाई सुरेखाला म्हणाल्या. "थोरलीचा आवाज काय काढला गं! हुबेहूब!"

"काढला न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझाच हाय तो."

बाया हसल्या. शेवटची नावं येतील म्हणून द्वारकाबाई टीव्हीला नाक लावून बसल्या, पण नावं आली ती मुंग्यांसारखी पळाली आणि साबणाची जाहिरात लागली.

"सुरेखा, तू सांग ना ह्यांना!"

सुरेखा खालमानेनं म्हणाली, "खरंच आक्काचा आवाज हाय. मी काहीच न्हाई केलं."

"बघा!" उषाबाईंचे डोळे भरून आले. "एवढं नाव झालं, तरी मान थोरलीलाच देऊन राह्यली. अशी जाऊ मिळाया नशीब लागतं."

द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगितलं तरी कौतुक तिचंच! त्या ताडकन उठल्या. "थांबा. तेच बोलून दावते."

वीस बाया त्यांच्या तोंडाकडं बघू लागल्या. द्वारकाबाईंनी छाती भरून घेतली, पण एवढ्या जणींत पहिला नंबर आपला, या आनंदानं आवाजच मऊ झाला. "ह्या घरात आधी मी आले," हे असं निघालं, जणू पाहुण्यांना चहाला थांबवत होत्या.

"तसं चांगलं झालं," पुष्पाबाई समजूत काढत म्हणाल्या. "पण सुरेखासारखं न्हाई जमलं. जरा कमी पडलं."

"आता तुझी पाळी गं सुरेखा! थोरलीचं झालं, आता तू!" बाया ओरडल्या.

"नको बाई."

"म्हण की!" द्वारकाबाईच म्हणाल्या. तिला ते जमणार नाही, हे त्यांनी बागेत अकरा वेळा बघितलं होतं.

सुरेखा उठली. तिनं डोळे मिटले. बागेत ती स्वतःच्या आवाजात ओरडायला बघत होती आणि तसा आवाज तिच्याकडं कधी नव्हताच. आता तिनं पंधरा वर्षं सकाळ-संध्याकाळ ऐकलेला आवाज घशात आणला.

"ह्या घरात आधी मी आले! मी! बराबर बघून घेईन एकेकाला!"

भांड्यांच्या फळीवरचा पेला थरथरला. मागच्या गोठ्यात काहीतरी धाडकन पडलं आणि दुधानं भिजलेलं धोतर सावरत भुजंगराव धापा टाकत दारात आले.

"आलो, आलो! काय झालं? काय चुकलं माझं?"

हात जोडून ते थेट द्वारकाबाईंपुढं उभे राहिले. बाया पदरात तोंड घालून हसू लागल्या.

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, मग धाकटीकडं.

"मी न्हाई बोलावलं," त्या म्हणाल्या, इतक्या हळू, की भुजंगरावांना ते दोनदा विचारावं लागलं.