शालिकभाऊंची नजर

शालिकभाऊ बोलताना आपल्या डोळ्यांत बघत नाहीत. कानाकडे बघतात, नाहीतर हनुवटीकडे. मग मान तिरकी करून एकच शब्द पुटपुटतात, "जमते." तो ऐकला की दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत भलेभले तोंड झाकून घेतात.

कारण शालिकभाऊ घरी एकटे बसून कॉम्प्युटरवर कार्टूनची मालिका काढतात. एक गल्ली, तिथली माणसं, त्यांची भांडणं. दर रविवारी नवा भाग सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. त्यात आवाज सगळे शालिकभाऊंचे, भांडणं मिटवणाऱ्या काकूचासुद्धा, आणि नाकं-डोळे आमचे. दूधवाल्याचे पुढचे दात मालिकेतल्या पोस्टमनला गेले. माझ्या बायकोची चाल एका कोंबडीला गेली. तेव्हापासून ती त्यांच्या दारावरून फार जपून पावलं टाकते, त्यामुळे जास्तच कोंबडीसारखी दिसते. पण हे तिला सांगायची माझी हिंमत नाही. माझे कान अजून वाचले होते. मी बारा महिने दुपट्टा गुंडाळून फिरत होतो.

एकदा त्यांनी माझ्यासमोर नवं चित्र काढलं. आधी वांगं काढलं. त्याला मिशा लावल्या, देठाची टोपी केली. मान दिलीच नाही. मी लगेच ओळखलं. ते कापसाचे व्यापारी मारोतराव होते. रागाच्या भरात त्यांनी बाजारात माणसावर तराजू फेकलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

"शालिकभाऊ, हे नका दाखवू."

"जमते," ते म्हणाले.

रविवारी भाग आला. सोमवारी दुपारी मारोतरावांची जीप गल्लीत शिरली, आणि पटापट दारं लागली. शालिकभाऊ धावत माझ्याकडे आले आणि माझा हात धरून मला त्यांच्या घरात घेऊन गेले. आम्ही आत पोचतो तोच मारोतराव दारात उभे.

"हा मीच हाये ना?" त्यांनी मोबाइल शालिकभाऊंच्या नाकाशी धरला. "बोल ना! काहून काढलं मले असं?"

शालिकभाऊंचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी दाराकडे पाहिलं. दार मारोतरावांनीच भरलं होतं. त्यांनी हात उगारला.

आणि शालिकभाऊंच्या तोंडून मालिकेतली काकू बोलली. तोच खरखरीत, मायेचा आवाज.

"बस ना, बापू. उभा काहून हायेस? उन्हातून आला, पानी तं पे."

मारोतराव बसले. आपण बसलो हे त्यांनाही कळलं नसावं. मी पाणी दिलं.

"लय राग आला का माह्यावर?" काकूनं विचारलं.

मारोतराव शालिकभाऊंच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "काकू, मान तरी द्या ना थोडी. लोकं हासून राह्यले."

"देते ना, बापू. दोन बोटं देते."

मारोतरावांनी हात जोडले आणि गेले.

जीपचा आवाज विरला तेव्हा शालिकभाऊ भिंतीला टेकून उभे होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाऊ, सारी गल्ली आहे तुमच्या मालिकेत. तुम्ही कुठं आहात?"

तेव्हा त्या एका "जमते"पलीकडे पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा आवाज ऐकला. बारीक, अडखळणारा.

"माहा... माहा आकारच सापडून नाही राह्यला. आरशात पाह्यलं का भेव वाटते." ते थांबले. "तुम्ही सांगान का? मी कसा दिसतो?"

मला सांगता येईना. त्यांच्या नजरेला घाबरून आम्ही सगळे मान खाली घालूनच जायचो.

"बसा," मी म्हणालो. खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि नीट बघायला लागलो.

शालिकभाऊंनी घाईघाईनं केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि श्वास रोखून बसून राहिले.