चूक सांगा, चहा प्या

भवानीनगरला आमच्या शेजारी राहणारे तात्या स्वतःच्या पुस्तकाला चांगलं म्हणणाऱ्याला चहा देत नाहीत.

जन्मभर त्यांनी साखर कारखान्याचा भोंगा वाजवला. निवृत्त झाल्यावर त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते स्वतःच बारामतीत छापून घ्यायचं ठरवलं. त्याआधी चार लोकांना वाचायला द्या, असं त्यांना कुणीतरी सुचवलं. तात्यांनी झेरॉक्स काढून अख्ख्या आळीला वाटल्या.

"डॉक्टरनं मला गोड बंद केलंय," ते प्रत्येकाला आधीच बजावायचे. "कौतुक बी त्यातच आलं. चूक सांगा, चहा प्या."

उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक ड्रायव्हर पानं नुसती चाळून म्हणाला, "तात्या, ह्यात भोंगा लई वाजतोय." त्याला दोन कप मिळाले. दूधवाले आप्पा "झकास हाय" म्हणाले, तर तात्यांनी त्यांना दारातूनच परतवलं. "आप्पाराव, तुमी वाचलंच न्हाय. निघा."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे मला सगळं कळतं अशी तात्यांची समजूत. बारामतीला जाता-येता एसटीत मी ते पुस्तक पुरं वाचलं. आवडलं. पण एक गोष्ट खटकत होती आणि ती बोलावी की नाही, ते ठरेना. सोमवारी पुस्तक छापखान्यात जाणार होतं. रविवारी मी कसाबसा गेलो.

"बोल लेका," तात्या म्हणाले. किटली तयारच होती.

"तात्या, ह्यात बॉयलर हाय, फिटर हाय, कारखान्यातलं मांजर बी हाय. काकी कुठंच न्हाईत."

काकींना जाऊन दोन वर्षं झाली. त्या होत्या तेव्हा तात्या काहीही सांगायला लागले की, "तसं न्हवतं झालं ते!" हे भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू यायचं.

तात्यांनी किटली बाजूला सरकवली.

"लिवलं व्हतं. फाडून टाकलं," ते म्हणाले. "बाकीचं चुकलं तर तुमी सांगताय. तिचं चुकलं तर कोण सांगणार?"

"चुकू द्या की तात्या," मी म्हणालो.

त्यांनी छापखान्याला फोन लावला. "उद्या येत न्हाय. एक प्रकरण राहिलंय." मग पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि घसा खाकरून वाचलं, "पहिल्या दिवशी मी भोंगा वाजवला. सगळं गाव जागं झालं. घरी आलो तर ही म्हणाली, भोंग्याला उशीर झाला."

"छान हाय, तात्या," माझ्या तोंडून निघून गेलं. आता मलाही हाकलणार, म्हणून मी चपला शोधू लागलो.

तात्यांनी माझ्यापुढं कप ठेवला आणि किटली उचलली.